गावच्या पाखाड्या आणि सड्यावरच्या वाटा यंदाच नोंदवून घ्या : कोकणातल्या ग्रामपंचायतींना खुलं पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातल्या एका किनारी गावात पाहुण्यांच्या घरगुती मुक्कामाची सोय चालवते. आगरात नारळी-पोफळीखाली कौलारू खोल्या आहेत आणि जेवण आमच्याच स्वयंपाकघरातलं. हे आधीच सांगते, कारण या विषयात माझी रोजीरोटी गुंतलेली आहे आणि ते झाकून मला काही मागायचं नाही. पण हे मागणं एकट्या कॉटेजवाल्यांचं नाही. ज्या वाटांबद्दल लिहिते आहे त्यांवरून माझ्या सासूबाई वरच्या वाडीतून बंदरावर मासळी आणायला उतरायच्या, पोरं शाळेत जायची आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आजही त्याच वाटांनी घरोघर फिरते.

मागणं थोडक्यात असं : येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या गावातल्या सगळ्या पायवाटांची, म्हणजे चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) पायऱ्यांच्या पाखाड्यांची आणि सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या वाटांची यादी करा, ती ठरावात घ्या, रस्त्यांच्या नोंदवहीत चढवा आणि त्या वाटा चालत्या ठेवा.

आपल्या किनाऱ्याची घडणच अशी आहे की इथे चालणाऱ्याला जे मिळतं ते गाडीत बसणाऱ्याला मिळत नाही. एक पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग समुद्रात घुसलेला कातळाचा डोंगर, त्याच्या डोक्यावर सपाट सडा, पलीकडे उतरलं की दुसरी पुळण नाहीतर खाडी. गाडीरस्ता या डोंगरांना टाळून आतल्या बाजूने वळसा घेतो. त्यामुळे शेजारच्या गावी गाडीने जायचं तर दहा-बारा किलोमीटर पडतात आणि सड्यावरून पायी गेलं तर पाऊण तासात माणूस पोचतो. हा पाऊण तास साधासुधा नसतो. खाली लाटा कातळावर आपटत असतात, वर घार फिरत असते आणि एका वळणावर दोन्ही बाजूंचे किनारे एकदम दिसतात. भोगवे ते निवतीच्या किल्ल्यापर्यंतचा किनारा ज्यांनी पायी केला आहे, कशेळीच्या कनकादित्याच्या देवळाकडून जे देवघळीच्या कड्यावर गेले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पूर्वी पाहुणे यायचे ते मासे खायला आणि समुद्रात डुंबायला. ते अजूनही येतात, येवोत. पण अलीकडे न्याहारी झाली की हमखास विचारतात, “काकू, इथून चालत कुठे जाता येईल?” पुण्याची, नाशिकची, बेळगावची माणसं असतात, सह्याद्रीत गड चढलेली असतात, दोन-तीन तास चालणं त्यांना काहीच वाटत नाही. काही जोडपी साठीच्या पुढची, त्यांना पंधरा-वीस मिनिटांची सावलीची पाखाडी हवी असते. या सगळ्यांना दाखवायला आपल्याकडे वाटा आहेत. नव्या बांधायच्या नाहीत, कुठल्या योजनेच्या निधीची वाट बघायची नाही. आजवर होत्या त्या टिकवायच्या आहेत, आणि नेमकं तेच होत नाही.

आमच्या गावातली एक पाखाडी सांगते. वरच्या वाडीतून ती चिऱ्याच्या पायऱ्यांनी खाली उतरते. पायऱ्या मध्यभागी झिजून खोलगट झाल्यात, पावसाळ्यात त्या खोलग्यात पाणी साचतं. दोन्ही अंगांना छातीएवढा गडगा, चुना नाही की सिमेंट नाही, नुसता चिऱ्यावर चिरा रचलेला, आणि जून लागला की अख्खा हिरवा होतो. अर्ध्या उतारावर कमरेएवढा एक चौथरा आहे. माशाची पाटी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाईला कुणाच्या मदतीशिवाय ओझं टेकवता यावं आणि पुन्हा डोक्यावर घेता यावं, इतक्या नेमक्या उंचीचा. पुढे पऱ्या म्हणजे छोटा ओढा लागतो, त्यावर साकव, मग माडांची सावली आणि एकदम समोर समुद्र. या पाखाडीच्या शेवटच्या टप्प्यात आता लोखंडी गेट आहे. जमीन विकली गेली, घेणाऱ्याने चहूबाजूंनी चिऱ्याचं कंपाउंड घातलं, वाट आत गेली. गेटला कुलूप असतं. शिमग्याला पालखी येते तेव्हा निरोप पाठवून ते उघडून घ्यावं लागतं. ज्या वाटेने देव विनापरवानगी जात होता तिथे आता परवानगी घ्यावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

हे एका गावाचं दुखणं नाही. किनाऱ्याने कुठेही जा, सड्यावर तारेचं कुंपण दिसेल, आत एक पाटी आणि बाकी ओसाड कातळ. जमीन विकू नका असं मी म्हणत नाही, ज्याची त्याची अडचण असते. शिवाय आपल्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मी मुंबईला, त्यातल्या कुणी काय सही केली हे गावात राहणाऱ्याला कळतही नाही. म्हणूनच वाट आधी नोंदलेली हवी. व्यवहार होतानाच घेणाऱ्याला दिसलं पाहिजे की या जमिनीतून गावाची वाट जाते आणि ती सोडूनच कुंपण घालायचं आहे.

कुंपणाइतकंच नुकसान चांगल्या हेतूनेही होतं. निधी येतो, जेसीबी येतो, शे-दीडशे वर्षांच्या पायऱ्या उखडल्या जातात आणि त्यांच्या जागी काँक्रीटचा उतार होतो. पहिल्या पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरून पडतात. जांभ्याच्या पायरीवर पाय धरतो, कारण चिरा खडबडीत असतो आणि पाणी पितो. दुचाकी दारापर्यंत यावी ही गरज खरी आहे, त्यासाठी रस्ता करावाच. पण जिथे आधीच दुसरा गाडीरस्ता पोचलेला आहे तिथली पाखाडी का फोडायची? निखळलेले चिरे परत बसवून देणारे गवंडी आपल्याच वाडीत आहेत. त्यांच्या हाताला काम मिळेल आणि खर्चही काँक्रीटपेक्षा कमी येईल.

आणि काही वाटा नुसत्या न चालल्यामुळे जातात. शाळा बंद पडली, विहिरीऐवजी नळ आला, तरुण मंडळी मुंबईला गेली. दोन पावसाळे कुणी फिरकलं नाही की रानमोडी आणि घाणेरी वाट गिळून टाकतात.

आता कायद्याबद्दल. मी वकील नाही, पण या गेटच्या निमित्ताने जे समजून घ्यावं लागलं ते तुमच्यापुढे ठेवते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे जे सार्वजनिक रस्ते आणि ज्या वाटा कुणाच्या मालकीच्या नाहीत त्या शासनाच्या आहेत. गावनकाशात पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेले असतात, तेव्हा आपल्या गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढून आणा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने तुम्हालाच दिलेला आहे. शेताकडे, कुरणाकडे, बागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. आणि आपल्याकडे इथेच घोळ होतो. कुंपण दिवाळीनंतर घातलं जातं, चाकरमानी शिमग्याला आले की बोंब होते, अर्ज करायचं मे महिन्यात ठरतं. तोवर मुदत संपलेली असते.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सुविधाधिकार कायद्यात आहे. तो 1882 सालचा आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याची वहिवाट 20 वर्षं उघडपणे आणि बिनहरकत चालली तर तो हक्क होतो. त्याच कायद्यात उलटी बाजूही आहे : ती वाट सलग 20 वर्षं वापरली नाही तर हक्क संपतो. आपल्या कितीतरी वाटांवरून शेवटचा माणूस कधी गेला हे एकदा हिशेब करून पाहा. शाळा बंद पडून बारा वर्षं, विहीर सोडून पंधरा. म्हणजे हातात फार वेळ नाही. गावकऱ्यांनी स्वतः त्या वाटांनी जाणं-येणं ठेवलं पाहिजे, आणि पाहुण्यांना घेऊन जाण्याचं निमित्त झालं तर ते आपोआप होईल. माझ्याकडच्या पाहुण्यांबरोबर वाडीतला एखादा मुलगा वाट दाखवायला जातो, जाताना कोयतीने फांद्या तोडत जातो. वाट राहते आणि त्याला दिवसाची मजुरी सुटते.

यादी कशी करायची? कार्यालयात बसून होणार नाही. प्रत्येक वाडीतून सत्तरीच्या पुढची दोन माणसं घ्या, त्यात एक बाई असू द्या, कारण पाणी, लाकूड आणि मासळी यांच्या वाटा बायकांनाच ठाऊक आहेत. सोबत एक मोबाइलवाला मुलगा द्या. तो चालता चालता वाट नकाशावर टिपून घेईल. पालखीचा मार्ग तर मानकऱ्यांना तोंडपाठ असतो, तिथूनच सुरुवात करा. त्या मार्गावर गावात कुणी हरकत घेणार नाही.

वाट नोंदली म्हणजे तिथे कमान, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट करायचा असं मुळीच नाही. हे कळकळीने सांगते. जिथे वाट फुटते तिथे चिऱ्याचा एक ठेंगणा खांब उभा करा, त्यावर गावाचं नाव, बाण आणि लागणारा वेळ पांढऱ्या रंगाने लिहा. एवढं पुरे. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे सगळी चालायची ठिकाणं, आणि लोक तिथे चालण्यासाठीच जातात. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांताने 2012 साली आपल्या सगळ्या किनाऱ्याने सुमारे 1400 किलोमीटरची सलग पायवाट खुली केली. आपल्याला तेवढी उडी मारायची नाही. शेजारच्या दोन गावांनी एकमेकांची वाट जोडली तरी पाहुणा एका गावात झोपेल, दुसऱ्या गावात जेवेल, आणि मधल्या वाडीत कोकम सरबत विकणाऱ्या बाईलाही चार पैसे मिळतील. मधे खाडी आली तर पलीकडे नेणारी होडी आहेच. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे फेरीबोट चालते. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल होत आहेत, त्या पुलांवर पादपथ हवाच असा ठरावही याच ग्रामसभेत करून पाठवा. पूल पुरा झाल्यावर तो जोडून मिळत नाही.

समुद्राच्या वाटेत धोका आहे आणि तो स्पष्ट लिहून लावला पाहिजे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आपल्या जिल्ह्यांबाहेरची, रायगडातली, पण धडा सगळ्यांसाठी आहे. डोंगरातून पायऱ्या उतरून खडकांवरून देवळाला वळसा घालायचा, तोही ओहोटीलाच. भरतीच्या वेळी तिथे जाऊन माणसं वाहून गेलेली आहेत. हेदवीच्या बामणघळीत भरतीची लाट अरुंद भेगेत शिरते आणि पाणी उंच उसळतं, ते बघायला लोक अगदी कडेला जाऊन उभे राहतात. आपल्याकडच्या मच्छीमाराला वेळ विचारायला घड्याळही लागत नाही. तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की भरतीची अदमासे वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा खडकावरच्या वाटेचं नाव काढायचं नाही. पुण्याहून आलेल्या माणसाला तिथी ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक कॉटेजमध्ये आणि वाटेच्या तोंडाशी त्या त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहायची सक्ती करा. जून ते ऑगस्ट खडकावरच्या वाटा सरळ बंद ठेवा. पाखाड्या आणि सडा मात्र पावसात बंद करू नका, खरी मजा तेव्हाच आहे.

सड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याला आपणच पड जमीन म्हणत आलो. पहिल्या पावसात या कातळावर पांढरी दीपकाडी फुलते, जी आपल्या कोकणातल्या कातळाबाहेर सापडत नाही. श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांनी आणि गेंदाने सडा निळा-पांढरा होतो. याच कातळावर आपल्या पूर्वजांनी कोरलेली चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांबीचा, त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी इथली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. आजूबाजूला चिरेखाणी चालू आहेत. वाट नोंदली, तिच्यावर माणसांची ये-जा राहिली, की अशा ठिकाणी काय चाललंय यावर गावाची नजर राहते. वाट मात्र शिल्पावरून नाही, बाजूने आखा, आणि कडेने चिरे मांडून ठेवा म्हणजे कुणाचा पाय पडणार नाही.

बागायतदारांची तक्रार मला मान्य आहे. कलमांतून जाणाऱ्या वाटेवर परकी माणसं फिरली की आंबा चोरीला जातो, कुणी विडी टाकली की वणवा लागतो, वर्षाची मेहनत एका दुपारी जाते. राखणीला ठेवलेल्या गुरख्यांनी कुणाकुणाला अडवायचं? माझं मत असं आहे की फेब्रुवारीपासून आंबा उतरेपर्यंत कलमांतल्या वाटा पाहुण्यांसाठी बंद ठेवाव्यात, गावकऱ्यांसाठी चालू. तसंही एप्रिल-मेमध्ये दहाच्या पुढे कातळ असा तापतो की चालणं नको होतं. ठरावात हे लिहा, म्हणजे बागायतदार विरोधात जाणार नाहीत.

डोंगराकडच्या पंचायतींनी हे पत्र किनाऱ्यावाल्यांचं समजून बाजूला ठेवू नये. खेड तालुक्यातली रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही रांग चढायला लोक लांबून येतात आणि पायथ्याच्या वाड्यांत वाटाड्या शोधतात. संगमेश्वरातल्या शृंगारपुरातून प्रचितगडाची वाट वर जाते, ती सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत शिरते, तिथे वन खात्याची परवानगी लागते आणि लागलीच पाहिजे. आंबोलीत हिरण्यकेशीचा उगम 2021 साली जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथल्या झऱ्यात अशी मासळी आहे जी शास्त्रज्ञांना अलीकडेच सापडली. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आंबोलीचा धबधबा म्हणजे गाड्यांची रांग आणि गाण्यांचा गोंगाट. याच गर्दीतली थोडी माणसं जरी वाटाड्यासोबत छोट्या तुकड्यांनी रानवाटांकडे वळली, तरी धबधब्यावरचा ताण हलका होईल आणि पैसा चहा-मक्याच्या टपऱ्यांपलीकडे वाड्यांत पोचेल. घाटातल्या वाटांना मात्र एक नियम कडक हवा : स्थानिक वाटाड्याशिवाय पावसाळ्यात कुणी जाणार नाही. दरीत धुकं उतरलं की पाच पावलांवरचं दिसत नाही, आणि मग शोधायला आपल्याच गावची पोरं रात्री दोर घेऊन जातात.

माझ्यासारख्या मुक्काम चालवणाऱ्यांवर तुम्ही जबाबदारी टाका, आम्ही नाही म्हणणार नाही. जाहिरातीत समुद्र, डोंगर, सूर्यास्त सगळं आम्ही विकतो, ती वाट साफ कोण करतं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दर खोलीमागे वर्षाची ठरावीक रक्कम पाखाडी निधीत घ्या. दसऱ्याच्या आधी आणि शिमग्याच्या आधी अशी वर्षातून दोनदा बेणणी करा, पहिली वाट मोकळी करायला, दुसरी वणव्यापासून वाचवायला. वाटाड्याची मजुरी ग्रामसभेत ठरवा आणि फलकावर लावा, म्हणजे पाहुण्याला फसवल्यासारखं वाटत नाही आणि मुलाला कमीही मिळत नाही. कचरा परत आणण्याची अट पाहुण्याच्या नोंदवहीतच छापा. जो मुक्कामवाला स्वतःच्या कंपाउंडात वाट घेईल त्याचा ना-हरकत दाखला थांबवा, मग तो बाहेरचा असो की गावचा. हा नियम मला आणि माझ्या घरच्यांनाही लागू करा.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सूचना सप्टेंबरात निघतील. त्याआधी गणपतीत सगळे चाकरमानी गावात असतात. जमिनीचे बरेच सहहिस्सेदार त्याच दिवसांत एका जागी सापडतात, वाडीवाडीत भजनाला बसतात. आरतीनंतरचा अर्धा तास या यादीसाठी मागून घ्या, ज्यांच्या जमिनीतून वाट जाते त्यांच्या सह्या तिथेच घ्या. सह्या झालेल्या वाटा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवण्याचा अर्ज तलाठ्याकडे त्याच आठवड्यात द्या. आमच्या तालुक्यातल्या ज्या पंचायतींना यादीचा कच्चा तक्ता आणि ठरावाचा मसुदा हवा असेल, त्यांना तो द्यायला आणि वाट चालायला मी स्वतः येईन. निरोप तेवढा पाठवा.

आपली विश्वासू,
राजापूर तालुक्यातल्या किनारी गावातली एक मुक्कामवाली